मिनिटाला बारा थेंब

त्यांच्या अंगाला वास यायचा. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण गावात त्यांच्याबद्दल बोलणं तिथूनच सुरू व्हायचं आणि बहुतेकांचं तिथंच संपायचं. शिजलेल्या तणसाचा, कास्टिकचा आणि त्याखाली आणखी कसला तरी कुजकट वास. गावाजवळच्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात धानाचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, शिजवून लगदा करत. लगदा धुतला की काळं पाणी उरायचं. ते पंपांनी इकडून तिकडे ढकलणं हे त्यांचं काम. सव्वीस वर्षं. रिठा लावून झाला, लिंबू झालं, नदीची रेती घासून झाली. वास कातडीच्या आत गेला होता. लग्नाच्या पंगतीत ते आपणहून शेवटच्या पानावर बसायचे, वारा जिकडे जातो त्या बाजूला. मला त्याचा संताप यायचा. त्यांना नाही यायचा.

गावात त्यांना पंपवाले भाऊ म्हणत. मीही भाऊच म्हणायचे. कारखान्याचं काळं पाणी नाल्यात येत होतं आणि नाला नदीला मिळत होता, म्हणून संघटनेनं मला चंद्रपूरहून त्या गावी पाठवलं होतं. मासे पोट वर करून तरंगायचे. ढिवरांची जाळी घरात खुंटीला लटकलेली. माहिती गोळा करायची, पत्रक काढायचं, माणसं उभी करायची, हे माझं काम. पण राहायला खोली मिळेना. एकटी मुलगी, त्यात पत्रकं वाटणारी, त्यात 'तुम्ही कोन?' विचारलं की 'बौद्ध' असं तोंडावर सांगणारी. गाव फार गोड बोलून नाही म्हणायचं. भाऊंनी मात्र दारात उभं राहून एकच विचारलं.

"रेडू लावते का मोठ्यानं?"

"माझ्याकडे रेडिओ नाही."

"मंग राह्य. मले आयकाले लागते."

काय ऐकायला लागतं, ते दोन दिवसांत कळलं. कारखाना अर्ध्या कोसावर. आम्हाला सगळ्यांना त्याची एकच घरघर ऐकू यायची. भाऊंना त्यात सात पंप वेगवेगळे ऐकू यायचे. जेवताना मधेच घास थांबायचा, हात वर व्हायचा, आणि मीही चावायची थांबायचे.

"तीन नंबर गेला," ते म्हणायचे. मग थोड्या वेळानं, "आला." आणि घास तोंडात.

त्यांची बायको लेकीकडे वडशाला गेली ती तिकडेच राहिली. भांडण काही नव्हतं. एकदा धानाच्या मळणीला आली होती, तेव्हा मी विचारलं. म्हणाली, "वासाचं काई नाई वो बाई, वासाची सवय होते. पन मी बोलून राह्यली अन् हे पंप आयकून राह्यले. पंचवीस वर्सं मी तेच पाह्यलं." लेक त्याहून फटकळ. "बाबाले झाडीपट्टीचं नाटक दाखवाले नेलं, तं हे पडद्यामांगं जनरेटरपाशी जाऊन बसले. इकडं हिरॉइन मेली, मंडप रडून राह्यला, अन् बाबा म्हनते, याचं डिझल कुठीतरी अडकून राह्यलं."

भाऊ सातवी शिकलेले. इंग्रजी त्यांनी कॅटलॉगांतून उचललं होतं. म्हणजे इंग्रजीत पाणी मागता आलं नसतं, पण पाणी चढवायच्या पंपावर तासभर बोलता आलं असतं. मुंबई, पुणे, कलकत्ता, जिथल्या म्हणून कंपनीचा पत्ता हाती लागेल तिथं ते पोस्टकार्ड टाकायचे. मजकूर एकच: कृपया नवा कॅटलॉग पाठवावा. खाली सही, आणि सहीखाली 'पंप विभाग'. कंपन्यांना वाटायचं, कोणी मोठा अधिकारी असेल. गुळगुळीत कागदाचे, रंगीत चित्रांचे कॅटलॉग यायचे. भाऊ ते लोखंडी पेटीत कडुनिंबाच्या पाल्यावर रचून ठेवायचे. आधी हात धुवायचे, मग उघडायचे.

अशाच एका कार्डावरून एकदा मुंबईचा एक विक्रेता खुद्द येऊन धडकला. टाय लावलेला, एसटीतून उतरलेला, गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेला. आमच्या शेजारी एक ढिवरीण काकू राहायच्या, त्यांना त्यानं विचारलं, "चीफ इंजिनिअर साहेबांचा बंगला कुठं आहे?"

काकूंनी कमरेवर हात ठेवले. "साहेब का? थे पाह्य, चुलीत फुकून राह्यले."

तो मनुष्य असा चिडला की विचारू नका. इतक्या लांब आलो, फसवणूक आहे, वगैरे. भाऊंनी फुंकणी खाली ठेवली आणि विचारलं, काळ्या पाण्यात बारीक रेती असली तर तुमच्या सीलच्या चकत्या किती दिवस टिकतात? तो थांबला. मग बॅग उघडली. मग बसला. दुपारची बस गेली, तरी बसलेलाच होता. भात-डाळ खाल्ली, ताटात बोटानं रेघा काढून काहीतरी समजावलं, आणि संध्याकाळच्या बसला निघाला. भाऊ त्याला पोचवायला फाट्यावर गेले. बस दिसेनाशी झाली तरी उभेच. मी कंदिलाची काच पुसत दारात होते. परत आले तेव्हा म्हणाले, "लई दिसानं झालं."

"काय झालं?"

"बोलनं."

खरं तर मीही रोज त्यांच्याशी बोलत होते. पण त्यांना फरक कळत होता. मी ऐकायचे ते माझ्या कामापुरतं. आम्हाला संघटनेत शिकवलं होतं की माणसाला त्याच्या विषयावरून बोलतं करावं आणि आपल्या विषयावर आणावं. मी त्यांना पंपांवरून नाल्यावर आणायला बघायचे. ते नाल्यावरून पुन्हा पंपांवर जायचे.

त्यांना जुन्याचं काडीचं कौतुक नव्हतं. जुनाट कारागीर नवं यंत्र आलं की नाकं मुरडतात, भाऊ उलटे. नवं ते त्यांना हवं होतं, आणि इतक्या आड जागी राहून हवं होतं की ऐकून मला कधी हसू यायचं, कधी वाईट वाटायचं. जुन्या पंपात दांडा जिथून आत शिरतो तिथं ग्रॅफाइट लावलेली दोरी ठासतात. घट्ट ठासली तर दांडा जळतो, सैल ठासली तर पाणी सुटतं. म्हणून थोडंसं गळू द्यायचंच. किती गळतं, ते भाऊ मोजायचे. फेरीवर गेले की प्रत्येक पंपापुढं उकिडवे बसायचे, घड्याळ लावून मिनिटभर थेंब मोजायचे आणि आकडा खडूनं भिंतीवर लिहायचे. अख्ख्या कारखान्यात दुसरं कोणी हे करत नव्हतं. शिफ्टची पोरं म्हणायची, "भाऊ, थेंबायची बारशी कवा करता?"

"पन नव्या पंपाले दोरीच नाई," भाऊ मला सांगायचे. "आरशावानी घासलेल्या दोन चकत्या. एक फिरते, एक उभी राह्यते. दोघींच्या मधात पान्याचा पापुद्रा. केसाहून बारीक. थेंब नाई पडत."

आणि त्याच्याही पुढचं. कुठल्यातरी परदेशी कॅटलॉगात त्यांनी बिनदांड्याचा पंप पाहिला होता. "मधात भिंत. इकडून लोहचुंबक फिरते, तिकडं आतमधी पंखा फिरते. एकमेकाले हात लागत नाई पोरी, अन् फिरते." पाण्याला कातडीसारख्या पडद्यातून गाळून घाण वेगळी काढायची, आटवायचीसुद्धा गरज नाही, असंही एक निघालं होतं म्हणे. किती पाणी गेलं, किती गरम गेलं, ते बसल्या जागी काट्यावर दिसायचं. हे सगळं ते असं सांगायचे की जणू पुढच्या आठवड्याच्या बाजारात येणार आहे. मी म्हणायचे, भाऊ, नाल्यात काय सोडतात ते सांगा आधी. ते म्हणायचे, "त्याचंच तं सांगून राह्यलो."

आणि त्यातलं काही खरंच आलं. सरकारचा दट्ट्या बसला म्हणून कारखान्यानं काळं पाणी आटवायचा नवा संच बसवला. पाणी आटवायचं, घट्ट झालं की भट्टीत जाळायचं. नाल्यात काही जायचं नाही. संचाबरोबर एक नवा पंप, चकत्यांच्या सीलचा, आणि एक मीटर, ज्याची लेखणी गोल कागदावर रेघ काढते. पंप बसवत होते ते तीन दिवस भाऊ घरी फक्त अंघोळीला आले. पुण्याहून आलेल्या फिटरनं त्यांना चकतीचा आरसा मऊ कापडानं पुसू दिला होता. ते दोन बोटं वर धरून मला दाखवत होते, या बोटांनी.

मग दीड-दोन महिन्यांनी मी त्यांना पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं. नवा पंप चालवतच नाहीत. संच कोळसा खातो म्हणून साहेब तो बंद ठेवतात, तपासणीवाले यायचे असले की चालू करतात.

"उभा ठेवला का चकत्या एकमेकीले चिपकतात," भाऊ ओरडत होते. "मंग एकदम चालू केला का तुटते! असा पंप! अन् उभा!"

"मग काळं पाणी कुठं जातं?"

"जाईन कुठी? चार नंबरनं. नाल्यात."

"चार नंबर तर काढून टाकला म्हणतात. तसं लिहून दिलंय सरकारला."

"काढला?" ते माझ्यावरच भडकले. "काल मिनिटाले बारा थेंब होते त्याच्या दोरीतून. बंद पंप थेंब पाडते का?"

मी वही काढली. त्यांनी मला लिहिताना पाहिलं. पाहून ते हळू बोलू लागले, मला गाठता यावं म्हणून. कुठला नळ कुठून जातो, चार नंबर कोणत्या जिन्याखाली आहे, त्याचा नळ कोणत्या भिंतीतून बाहेर पडतो, सगळं. मी एकदाही म्हणाले नाही की भाऊ, हे मी छापणार आहे. त्यांनीही विचारलं नाही. त्यांच्या बोलण्याचं आजवर कोणी काही लिहून घेतलं नव्हतं.

पत्रक कसं लिहायचं, हे मला पाठ होतं. विशेषण नको, तपशील द्या. 'भयंकर प्रदूषण' लिहिलं तर साहेब हसतो. कोणत्या जिन्याखाली ते लिहिलं तर त्याची खुर्ची हलते. मी लिहिलं: सरकारदरबारी काढून टाकलेला जुना पंप जिन्याखाली आजही चालू आहे, त्याच्या दोरीतून मिनिटाला बारा थेंब गळतात, बंद पंपातून थेंब गळत नसतात. स्टेन्सिल कापताना त्या वाक्यावर मी खूश होते. भाऊंचं नाव कुठंही नव्हतं, हे मी दोनदा तपासलं होतं. चंद्रपूरहून सायक्लोस्टाइल करून गठ्ठे आणले आणि आठवडी बाजारात वाटले.

तीन दिवसांनी भाऊ दिवसाढवळ्या घरी आले. हातात पत्रक. चपला न काढता माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले.

"हे काऊन लिहलं?"

"खरं आहे म्हणून."

"थेंबायचं काऊन लिहलं?"

"भाऊ, तुमचं नाव नाही कुठं."

"नाव नाई," ते म्हणाले. "थेंब आहेत नं."

तेव्हा मला कळलं. साहेबांनी पत्रक वाचलं होतं आणि कोणालाही काहीही न विचारता भाऊंना बोलावलं होतं. सगळ्या कारखान्यात थेंब मोजणारा माणूस एकच. मी त्यांचं नाव वगळलं आणि त्यांची सही छापली. मी काहीतरी बोलत सुटले. युनियनकडे जाऊ, हा अन्याय आहे, दुसरं पत्रक काढू. दुसरं पत्रक! त्यांनी हात वर केला. मला वाटलं गप्प बस म्हणतात. ते ऐकत होते.

"चार नंबर बंद केला," ते म्हणाले. "आत्ताच."

त्यांना काढून टाकलं नाही. तेवढं केलं असतं तर आम्ही फाटकावर धरणं तरी धरलं असतं. त्यांना तणसाच्या आवारात बसवलं. काम काय, तर ढिगाजवळ कोणी बिडी ओढू नये म्हणून लक्ष ठेवायचं. एक स्टूल, एक शिट्टी, रेतीच्या बादल्या. यंत्रघरात पाऊल टाकायची मनाई, तीही लेखी. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. तो वास मात्र गेला नाही. पंपांपासून तोडलं तरी अंग तसंच. पंगतीत पान तिथंच.

मला खोली सोडायला त्यांनी सांगितलं नाही. मीच सोडायला हवी होती, पण गावात दुसरं कोणी ठेवून घेतलं नसतं, म्हणून राहिले. आमचं जेवण एकाच चुलीवर चाले, ते चालू राहिलं. जेवताना त्यांचा हात आता वर होत नसे. पुढं निवृत्त झाल्यावर ते वडशाला गेले आणि लेकीनं पडवीत त्यांची खाट टाकली, असं काकूंकडून कळलं. कॅटलॉगांची पेटी त्यांनी नेली की नाही, मला माहीत नाही. मी तोपर्यंत दुसऱ्या तालुक्यात होते.

पण सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं.

पत्रकाचा परिणाम झाला. बायका नाल्यातलं पाणी बाटल्यांत भरून तहसिलीवर गेल्या, आणि शेवटी तपासणी ठरली. अचानक, कारखान्याला न कळवता. बरोबर गावातले दोन प्रतिनिधी: ढिवरीण काकू आणि मी. ही आमची जीत होती आणि मी ती मिरवत होते, खोटं कशाला बोलू. आदल्या संध्याकाळी भाऊ माझ्या दाराशी आले. पत्रकानंतर पहिल्यांदाच आपणहून.

"तू आत जाशीन नं उद्या?"

"हो."

"मंग माहं एक काम कर. खाली पंपघरात जाशीन. नवा पंप दिसंल, निळा. त्याचा आवाज लई बारीक, मले बाहेरून आयकू येत नाई. त्याच्या बेअरिंगच्या डब्यावर हात ठेव. तापलेल्या लेकराच्या कपायावर ठेवते तसा. मनात शंभर म्हन. शंभरपर्यंत हात ठेवता आला तं त्याचं बरं चालू आहे. नाई ठेवता आला तं त्याले तरास आहे. येवढंच मले सांग."

"सांगते."

"इसरू नोको."

"नाही विसरत, भाऊ."

आम्हाला वरच्या मजल्यावर नेलं, काचेच्या खोलीत. भिंतभर पाटी, हिरवे दिवे, काटे. मीटरची लेखणी गोल कागदावर रेघ काढत होती. साहेबांनी मागच्या दिवसांचे कागद मांडले. मी एकेक कागद घेऊन भांडले, ही रेघ इथं तुटली का, ती इथं वाकडी का. साहेबांना घाम फुटला. तपासणी अधिकाऱ्यानं माझ्याकडे बघून मान डोलावली. जुन्या चार नंबरचा नुसता कट्टा उरलाय हेही वरूनच दाखवलं. चार बोल्ट वर आलेले दिसले. अधिकारी जीपकडे निघाले, पंचनामा बॉनेटवर ठेवला.

काकूंनी माझा पदर ओढला. "खाली नाई जाऊन राह्यली का? भाऊनं सांगलं होतं नं."

"काकू, कागदावर सगळं आलंय. जीप निघतेय."

हे अर्धंच खरं होतं. इतक्या साहेब लोकांदेखत पंपावर हात ठेवून डोळे मिटून शंभर म्हणायची मला लाज वाटली. मी बॉनेटवर सही केली. काकूंनी अंगठा दिला.

घरी भाऊ वाट बघत होते. भात वाढून ठेवला होता, दोन ताटं.

"ठेवला का हात?"

"ठेवला," मी म्हणाले.

"कसा आहे?"

"छान आहे, भाऊ. एकदम थंड."

त्यांचा हात ताटाशी जाता जाता थांबला.

"थंड?"

"हो. काही त्रास नाही त्याला."

"थंड कसा राहीन पोरी," ते हळू म्हणाले. "त्याच्यातून कढत पानी जाते. थंड म्हंजे उभा आहे. दिवे लावून ठेवले अन् थो उभा आहे." ते उठले. "सही केली का तू?"

"केली."

"चालू आहे म्हून?"

मी हो म्हणाले. आणि मग मला ते सहन झालं नाही, तेव्हा सांगितलं. खाली गेलेच नाही. हात लावलाच नाही. वर कागद बघत होते.

ते रागावतील, असं वाटलं होतं. ते परत पाटावर बसले आणि भातात बोटं घालून तसेच राहिले.

"म्हंजे चालू असंल," ते म्हणाले.

"असेल."

"नाईतं उभा असंल."

मी माझं ताट बाजूला सारलं.

"मले जाऊ देत नाई अन् तू गेली नाई," ते म्हणाले. "मंग आता कोनालेच माईत नाई."

सकाळी उठून मी कारखान्याच्या फाटकावर गेले. पंपघरात जायचं आहे, पाचच मिनिटं, असं सांगितलं. गजांतून तणसाचं आवार दिसत होतं. भाऊ स्टुलावर बसले होते, आमच्याकडे पाठ करून, यंत्रघराकडे तोंड करून. पहारेकरी ओळखीचा होता. तो आत जाऊन विचारून आला आणि येताना एक कागद घेऊन आला.

"तपासनी झाली म्हनते साहेब. सगळं पाह्यलं, सगळं चालू आहे, असं लिहून देल्लं तुमीच." त्यानं कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. "हे सही तुमचीच नं बाई?"

"माझीच," मी म्हणाले.

त्यानं कागदाची घडी घातली आणि फाटक लावून घेतलं.